चाकाचा नट हटून बसतो तेव्हा

कौटुंबिक पानावर गाडीच्या चाकाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. आपल्यापैकी किती जणांच्या दारात गाडी आहे, असेही कोणी विचारील. तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न रास्त ठरला असता. आज आमच्या रोह्याच्या वस्तीत, सेकंडहँड का होईना, पाच-सहा गाड्या उभ्या असतात. आणि अशी गाडी एका घराची राहत नाही. बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायचे, म्हाताऱ्या माणसाला डोळे तपासायला अलिबागला न्यायचे, सभेला पाहुणे आणायचे, सगळ्याला तीच. माझी जुनी आल्टो अशीच वस्तीची गाडी आहे. पेट्रोल ज्याचे त्याने घालायचे, एवढाच नियम.

२०२३ च्या ऑगस्टअखेरीची गोष्ट. मुलीची सरकारी भरतीची परीक्षा पनवेलला होती. सकाळी आठच्या आत केंद्रावर हजर राहायचे होते. दार बंद झाले की कोणाचेही ऐकत नाहीत. मी नोकरीसाठी रोज रोह्याहून पेणला जातो, कधी रेल्वेने, कधी एस.टी.ने. त्यामुळे या मार्गावरच्या वेळापत्रकाचा भरवसा किती, हे मला चांगले ठाऊक. म्हणून गाडीनेच जायचे ठरले. पहाटे साडेचारला आम्ही तिघे निघालो. मी, मुलगी आणि तिची आई.

नागोठणे सोडून वडखळच्या दिशेला लागलो. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. ८४ किलोमीटरचा टप्पा. बारा वर्षे उलटून गेली तरी त्या पावसाळ्यात काम चालूच होते. पाण्याने भरलेला खड्डा आणि सपाट रस्ता अंधारात सारखाच दिसतो. डावे पुढचे चाक धाडकन आत गेले, बाहेर आले आणि पन्नास पावलांत गाडी डावीकडे ओढू लागली. उतरून पाहिले तर टायर पार बसलेला.

मला त्याची फार धास्ती वाटली नाही. डिकीत स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. वीस मिनिटांचे काम, असे मी मुलीला सांगितले. पुढची पाऊण तास मी जे केले ते सगळे चुकीचे होते, म्हणूनच ते क्रमाने सांगतो.

पहिली चूक, मी आधी गाडी जॅकवर उचलली. पाना लावून जोर दिला की नटाऐवजी चाकच फिरे. पुढचे चाक ते. हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना. गाडी पुन्हा खाली घेतली. दुसरी चूक अधिक लाजिरवाणी. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, असे फार वर्षांपूर्वी कोणीतरी मला सांगितले होते. ते नेमके त्या वेळी आठवले आणि मी नट उलट्या बाजूने, म्हणजे घट्ट होण्याच्या बाजूने, सगळा जीव लावून पिळला. तिसरी चूक, पान्यावर उभा राहून उड्या मारल्या. पाना पाण्याने निसरडा, नीट आत बसलेला नाही. तो सटकला, माझी नडगी सोलली आणि एका नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला. तिसऱ्या उडीनंतर मुलगी म्हणाली, "पप्पा, राहू दे." तिच्या आवाजात रडे होते. सहा वाजून गेले होते.

तेवढ्यात मासळीचा एक टेंपो पुढे जाऊन थांबला. चालक तिशीचा असेल, मुरूडकडचा. त्याने खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "दादा, जोर कशाला लावताय? लांबी लावा." आपल्या टेंपोतून त्याने हातपंपाला असतो तसला लोखंडी पाइप आणला, तीन फुटांच्या आसपास. माझ्याच पान्याच्या दांड्यावर तो सरकवला. मग त्याने मला बाजूला केले आणि मुलीला म्हणाला, "ताई, तूच दाब. हळू. झटका नको." तिने दोन्ही हातांनी दाबले. नट "कट्ट" असा वाजला आणि सुटला. तोच नट, ज्याच्यावर मी, अठ्ठावन्न किलोचा माणूस, उड्या मारत होतो.

गोल झालेला नट मात्र पाइपानेही ऐकेना. त्यावर त्याने आपल्या पेटीतली एक नंबर लहान गोटी हातोडीने ठोकून बसवली. गोटी म्हणजे गोटी पान्याचे डोके. झिजलेल्या नटावर ती कचकन रुतली आणि नट तिच्यासकट बाहेर आला. गोटी परत काढायला त्याला आणखी पाच मिनिटे लागली. पैसे घेतले नाहीत. पेटीवरच्या बर्फाचे पाणी टेंपोच्या मागच्या चाकांवर सतत ठिबकत होते. तिकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आमच्या चाकांना रोजचं खारं पाणी. आम्हाला हे यावंच लागतं."

आम्ही सात चाळीसला केंद्राच्या दारात होतो.

घरी आल्यावर मला स्वस्थ बसवेना. माझे शिक्षण बी.कॉम.; यंत्राशी माझा संबंध टंकलेखनापुरता. पण आमचे एक शेजारी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप फिटर म्हणून उभे आयुष्य काम करून निवृत्त झाले आहेत. रासायनिक कारखान्यात पाइपाच्या जोडावर आठ-आठ, बारा-बारा बोल्ट असतात आणि एक सैल राहिला तर जिवाशी गाठ. अशा माणसाला चाकाचे चार नट म्हणजे काय? त्यांच्या ओट्यावर बसून मी जे समजून घेतले ते पुढे देत आहे. हिशेबाची भाषा माझी, ज्ञान त्यांचे.

नट घट्ट करताना आपण त्याला जो पीळ देतो तो मोजता येतो. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलोचे वजन टांगले तर जेवढा पीळ पडेल, साधारण तेवढा पीळ लहान मोटारीच्या चाकाच्या नटाला लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गाडीसोबत मिळणाऱ्या पान्याचा दांडा असतो जेमतेम पाव मीटर. म्हणजे लांबी चौथा हिस्सा, म्हणून वजन चौपट, चाळीस किलो. हे माणसाला जमते. पण टायरच्या दुकानात हवेच्या दाबावर चालणारी गन असते. तिच्या अंगात याच्या चौपट-पाचपट पीळ देण्याची ताकद असते. कारागिराने घाईत घोडा दाबून धरला की दहाच्या जागी पंचवीस होतात. आता पाव मीटरच्या पान्यावर शंभर किलो हवेत. माझे वजन अठ्ठावन्न. मी पान्याच्या टोकावर उभा राहिलो तरी साडेचौदाच पडतात. उड्या मारून काय होणार? तोच दांडा पाइप लावून एक मीटरचा केला तर पंचवीस किलोचा दाब पुरतो, आणि तेवढा दाब घरातली कोणतीही धडधाकट बाई देऊ शकते. पहारीने धोंडा हलवणाऱ्या आपल्या आयाबायांना यात नवे काही नाही. त्यांना फक्त पाना हातात घेऊ दिला जात नाही.

त्या घटनेच्या दोन महिने आधीच मी एका टायरच्या दुकानात चाके बदलून घेतली होती, गनने. दुकानाचे नाव घेण्यात अर्थ नाही. बहुतेक ठिकाणी हेच चालते. पैसे मोजून, उभे राहून, कौतुकाने मी ते पाहिले होते.

मला सगळ्यात नवल वाटले ते दुसऱ्या गोष्टीचे. मी समजत होतो की चाक त्या चार बोल्टांच्या दांड्यांवर लटकलेले असते. तसे नाही. नट पिळला की बोल्ट रबरासारखा, केसाइतका का होईना, ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट चाकाला हबवर दाबून धरतो. भार पेलते ते चाक आणि हब यांच्यामधले घर्षण. आपण दिलेल्या पिळापैकी अदमासे निम्मा नटाच्या बसण्याच्या जागेच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या खऱ्या कामी येतो. शंभर रुपये मंजूर झाले आणि दहा पोहोचले, असाच हा हिशेब. आट्यात गंज चढला की या नव्वद टक्क्यांची भूक आणखी वाढते. लोखंड गंजले की फुगते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते आणि आट्यांत ती नसते, म्हणून तो नटाला चहूबाजूंनी आवळतो.

आणि गंजाला आमच्या जिल्ह्याइतके माहेर कुठे आहे? पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी आणि खारेपाटाची जमीन. इकडे रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. खाऱ्या वाऱ्यात मीठ असते, मीठ ओल धरून ठेवते, आणि मिठाच्या ओलीत लोखंड झपाट्याने गंजते. ॲल्युमिनियमच्या, म्हणजे अलॉयच्या, चाकांचे दुखणे आणखी निराळे. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की पांढरी पूड धरते आणि सगळे नट काढल्यावरही चाक हबला चिकटून राहते.

आता काढण्याची रीत. गाडी शक्यतो सपाट आणि टणक जागी, रस्त्यापासून दूर. माणसे गाडीबाहेर. हँडब्रेक ओढायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि जे चाक काढायचे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून धोंडा. जॅकला अजून हात लावायचा नाही. टायर जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. जमीनच चाक धरून ठेवते.

पाना नटावर सरळ आणि पूर्ण आत बसला पाहिजे. चाकाकडे तोंड करून उभे राहिल्यावर दांडा डावीकडे आडवा ठेवायचा आणि खाली दाबायचे. नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वर ओढण्यात कंबर जाते, खाली दाबण्यात आपले वजन कामाला येते. उलट्या आट्यांची गोष्ट सर्वस्वी खोटी नाही. काही जुन्या जड गाड्यांच्या डाव्या चाकांना तसे आटे असत, चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नये म्हणून. आपल्या घरगुती मोटारींना दोन्ही बाजूंना सरळच आटे असतात. ऐकीव ज्ञानावर मी माझाच नट आणखी आवळला, ही शिक्षा मला पुरेशी आहे.

पाइप लावल्यावर दाब सावकाश, वाढत्या अंगाने द्यायचा. एका हाताने पान्याचे डोके नटावर दाबून धरायचे. पाइप कितीही लांब मिळाला तरी हावरेपणा करू नये. एक मीटर खूप झाला. फार लांबीने बोल्टच तुटतो, आणि पीळ किती बसला याचा हाताला अंदाज राहत नाही. सुटत नसेल तर गंज उतरवणारे तेल आट्यांच्या तोंडाशी फवारावे. डब्ल्यूडी-४० सारखे डबे दुकानात मिळतात. फवारून लगेच पाना लावण्यात अर्थ नाही. पंधरा-वीस मिनिटे तरी थांबावे, घरी असाल तर रात्रभर ठेवावे. मध्येच नटाच्या डोक्यावर हातोडीने चार-सहा ठोके द्यावेत, गंजाला तडे जातात आणि तेल आत शिरते. तेल ब्रेकच्या चकतीवर उडू देऊ नये, उडाले तर पुसून काढावे. फिटरकाकांची आणखी एक युक्ती मला आधी उलटी वाटली होती. हटून बसलेला नट सोडवण्यापूर्वी केसभर घट्ट करून पाहायचा. गंजाची पकड एकदा कोणत्याही बाजूने तुटली की पुढचे सोपे. म्हणजे मी त्या पहाटे जे अडाणीपणाने केले तेच, पण केसभर. मी घट्ट केले होते बैलासारखे.

बारा कोपऱ्यांच्या पान्यापेक्षा सहा कोपऱ्यांची गोटी बरी. ती नटाच्या सपाट बाजू धरते, कोपरे खात नाही. मारुतीच्या लहान गाड्यांना १९ नंबर लागतो. फोक्सवॅगन, स्कोडा यांच्या चाकांना नट नसतात, सरळ बोल्टच हबमध्ये शिरतात, आणि त्यांना सहसा १७ नंबर. तिथे चाक बसवताना ते हाताने उचलून भोकाला भोक जुळवावे लागते, कारण टांगायला खुंटी नसते. काहींच्या चाकांना एक चोर-नट असतो, त्याची चावी निराळी. ती चावी घरात कपाटात जपून ठेवणारे गृहस्थ मला माहीत आहेत.

नट गोल झाला असेल तर लहान गोटी ठोकून बसवणे हा उपाय वर आलाच आहे. त्यापुढचे उपाय, छिन्नीने नट फोडणे किंवा त्यावर दुसरा नट वेल्डिंग करून काढणे, हे गॅरेजवाल्याचे काम. गॅसच्या ज्वाळेने नट तापवण्याचा प्रयोग रस्त्यात कोणीही करू नये. हवा भरलेला टायर, हबमधले ग्रीस आणि ब्रेकची रबरे शेजारीच असतात. तापलेला टायर फुटून माणसे दगावतात. चाकच हबला चिकटले असेल तर सगळे नट दोन-तीन आट्यांवर परत लावून, गाडी जमिनीवर असतानाच, टायरला बाजूने लाथा घालाव्यात. जॅकवर चढवलेल्या गाडीला कधीही नाही. आणि गाडीखाली कोणताही अवयव घालू नये, मग जॅक कितीही नवा असो. पावसात मऊ झालेल्या कडेला जॅकखाली फळकूट घालावे. आमच्या डिकीत आता जुन्या पाटाची फळी आहे.

परत बसवताना आटे तारेच्या ब्रशने किंवा जुन्या टूथब्रशने साफ करावेत. तेल लावावे का, हा प्रश्न मी फिटरकाकांना तीनदा विचारला. एवढा त्रास गंजाने दिला तर भरपूर ग्रीस लावून टाकावे, असे कोणालाही वाटेल. ते नको म्हणाले. पुस्तिकेतला पीळ कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. ग्रीस लावल्यावर घर्षण घटते, आणि तेवढ्याच पिळात बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त ताणला जातो. हबच्या मधल्या गोल काठाला मात्र बोटभर ग्रीस चालते. त्याने चाक चिकटत नाही.

नट आधी बोटांनीच फिरवायचा. बोटांनी फिरत नसेल तर आटा तिरका लागला आहे, काढून पुन्हा लावायचा. इथे पान्याने जबरदस्ती केली की आटे मरतात. नटाची निमुळती बाजू चाकाच्या खळग्याकडे. चारही नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे, एकापाठोपाठ एक गोल फिरत नाही. धाटावला पाइपाचे जोड असेच आवळतात. गाडी खाली घेऊन शेवटचा पीळ गाडीतल्याच पान्याने, पाइप न लावता, हाताच्या जोराने द्यायचा. गावात आल्यावर पीळ मोजणाऱ्या पान्याने तो पडताळून घ्यावा. पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहायचा. सैल नटाने चाक निखळते. घट्ट नट निदान घरी तरी आणतो.

टायरच्या दुकानात मी आता एवढेच म्हणतो की गनने नुसते टेकवा, शेवटचा पीळ हाताने द्या. पहिल्यांदा पोरगा हसला. दुसऱ्या वेळी मालकाने स्वतः पीळ मोजणारा पाना काढून दिला. तो दुकानात होता, खिळ्याला टांगलेला, धूळ खात. ज्याला हे सांगायला संकोच वाटतो त्याने दुकानातून आल्यावर त्याच दिवशी, उजेडात, आपल्या दारात, आपल्याच पान्याने चारही चाकांचा एक-एक नट सैल करून परत आवळून पाहावा.

आमच्या वस्तीत गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही हेच केले. पाच गाड्या ओळीने उभ्या केल्या. तीन गाड्यांचे नट गाडीतल्या पान्याने हलले नाहीत. एका गाडीत पानाच नव्हता. गाडी घेतल्याला चार वर्षे झाली, कोणी डिकीचा तळ उचलून पाहिला नव्हता. एकीची स्टेपनी बसलेली. पाइप फिरत गेला आणि बायकांनी एकेक नट सोडवला. एक आजी पासष्टीच्या, त्यांनीही हट्टाने दाबून पाहिले आणि "कट्ट" वाजल्यावर दचकून पाइप सोडून दिला. पाइप त्यांच्या जावयाच्या पायावर पडला. जावयाला फार लागले नाही.

मुलगी त्या भरतीत थोडक्यात राहिली. पुढच्या वर्षी दुसऱ्या खात्यात लागली आणि आता पेणलाच माझ्याच वेळेला कामावर जाते. गाडीची चाके तिच्याकडे आहेत. नट आवळून झाला की ती नटावरून चाकावर अशी नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढते. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते, पाना लावायलाही नको. त्यासाठीची लाल बाटली डिकीत पाइपाशेजारी असते. घरात ती कधीच सापडत नाही, अशी तिच्या आईची तक्रार आहे.